स्क्रीन सारखी दिसते म्हणून आलेली नोटीस: उत्तरापासून समझोत्यापर्यंत

नोव्हेंबर २०२४ मध्ये, कापसाची आवक चढत असताना, आमच्या अडत आणि जिनिंगच्या सॉफ्टवेअरवर कॉपीराइटभंगाची नोटीस आली. जुलै २०२५ मध्ये लेखी समझोता झाला आणि सॉफ्टवेअर आहे तसं चालू राहिलं. या काळात कोणते कागद लागले, कुठं वाट पाहावी लागली आणि खर्च किती आला, ते क्रमानं लिहितो आहोत. तालुक्याच्या गावात दोघं-तिघं मिळून हिशेबाचं सॉफ्टवेअर लिहिणारे विदर्भात बरेच आहेत. अशी नोटीस त्यांच्याही दारात येऊ शकते, आणि पहिल्या आठवड्यात काय केलं यावर पुढचं बरंचसं ठरतं.

आमचं काम यवतमाळ आणि वर्धा जिल्ह्यांतल्या तालुक्याच्या बाजारांपुरतं आहे. अडत्याच्या दुकानात आवक, हर्रास (लिलाव), वजन, हिशेबपट्टी आणि चुकारा (शेतकऱ्याला द्यायचे पैसे) यांची नोंद. जिनिंगमध्ये कापूस, रुई, सरकी आणि गठाणींचा हिशेब. याच कामासाठी शहरातल्या एका मोठ्या कंपनीचं सॉफ्टवेअर इथं वर्षानुवर्षं चालत आलं आहे, आधी फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस भाषेत, नंतर विंडोजवर. आमचे बहुतेक ग्राहक तिकडूनच आलेले. नव्या आवकेला एफ २, वजनाला एफ ४, पट्टीला एफ ५, चुकाऱ्याला एफ ८ ही बटणं त्यांच्या हातात बसलेली होती, म्हणून आम्ही मुद्दाम तीच ठेवली. शिवाय जुना डेटा ओढून घेण्याची सोय दिली. नोटीस मुख्यतः याच दोन गोष्टींवर होती.

मागण्या चार: पंधरा दिवसांत विक्री बंद करा, ग्राहकांकडच्या सगळ्या प्रती परत घेऊन नष्ट करा, सोर्स कोड (प्रोग्रामाचा मूळ मजकूर) तपासणीला द्या आणि २५ लाख रुपये नुकसानभरपाई द्या. वाचून पोटात गोळा आला. २५ लाखांत आमचा सगळा धंदा दोनदा विकत घेता आला असता.

स्पीड पोस्टचा लिफाफा फेकायचा नाही. नोटीस कोणत्या तारखेला हातात पडली हे त्याच्यावरून ठरतं आणि पंधरा दिवस तिथून मोजले जातात. समोरच्याला फोन करायचा नाही, व्हॉट्सॲपवर तर काहीच लिहायचं नाही. आणि घाईघाईनं बटणं किंवा स्क्रीन बदलायची नाही. तो बदल उद्या कबुली म्हणून दाखवला जातो, शिवाय कोडच्या इतिहासात नको तेव्हाची तारीख पडते. गिटचा (कोडमधला प्रत्येक बदल तारखेसह ठेवणाऱ्या व्यवस्थेचा) संपूर्ण साठा, बिलं, ग्राहकांचे ई-मेल आणि डिझाइनच्या वह्यांचे स्कॅन आम्ही त्याच संध्याकाळी वेगळ्या हार्ड डिस्कवर घेतले आणि प्रत्येक फाइलचा हॅश (मजकुरावरून निघणारा, ठशासारखा आकडा) काढून यादी केली. त्यासाठी सर्टयुटिल ही कमांड विंडोजमध्ये आधीच असते.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत दोन भागांचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. पहिला भाग ज्याच्या ताब्यात यंत्र आहे त्यानं भरायचा, दुसरा तज्ज्ञानं, आणि हॅश कोणत्या पद्धतीनं काढला तेही त्यात नोंदवायचं. मात्र नोटीस आल्यावर काढलेल्या हॅशनं आधीची तारीख सिद्ध होत नाही. त्यासाठी आपल्या हाताबाहेर गेलेली वस्तू लागते: ग्राहकाला पाठवलेला स्क्रीनचा फोटो, बाहेरच्या सर्व्हरवर चढवलेली प्रत, जीएसटीचं बिल. आम्ही गिट पहिल्यापासून बाहेरच्या सर्व्हरवर ठेवत आलो, त्याचा इथं मोठा आधार झाला.

तालुक्याच्या वकिलांनी सरळ सांगितलं की हे त्यांच्या रोजच्या कामातलं नाही, आणि नागपूरला बौद्धिक संपदेची प्रकरणं बघणाऱ्या वकील मॅडमचं नाव दिलं. पहिल्या भेटीची फी ३,००० रुपये. मॅडमचा पहिला प्रश्न होता, त्यांचा सोर्स कोड तुमच्यापैकी कोणी कधी पाहिला आहे का? पाहिला नव्हता. आमच्यातल्या एका सहकाऱ्यानं पूर्वी त्या कंपनीच्या डीलरकडे इन्स्टॉलेशनचं काम केलं होतं, पण डीलरकडे कोड येतच नसे. हे त्याच्याकडून प्रतिज्ञापत्रावर लिहून घेतलं. ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात अशा कामाला १०० चा स्टॅम्प चालत नाही, ५०० चा लागतो.

हा प्रश्न पहिला का, ते अमेरिकेतल्या १९९२ च्या कॉम्प्युटर असोसिएट्स विरुद्ध अल्ताई या खटल्यातून कळतं. अल्ताईच्या एका प्रोग्रामात सुमारे ३० टक्के कोड दुसऱ्याचा निघाला, कारण त्यांच्याकडे आलेल्या प्रोग्रामरनं तो सोबत आणला होता. कंपनीला हे कळल्यावर तिनं तो कोड कधीही न पाहिलेल्या आठ प्रोग्रामरांकडून ते भाग नव्यानं लिहून घेतले. जुन्या आवृत्तीसाठी अल्ताईला ३,६४,४४४ डॉलर भरावे लागले. नवी आवृत्ती रचनेनं मिळतीजुळती असूनही सुटली. त्याच निकालानं तपासाची एक पद्धत घालून दिली: प्रोग्रामाचे थर वेगळे करा, ज्यावर कोणाचाच हक्क नसतो ते सगळं गाळा, आणि उरलेल्याचीच तुलना करा. परदेशी निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नसतो, पण नोटिशीला उत्तर लिहिताना ही गाळणी फार कामाची आहे.

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. संगणक प्रोग्राम त्यात साहित्यकृती म्हणून मोडतो. संरक्षण अभिव्यक्तीला आहे, कल्पनेला नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये आर. जी. आनंद प्रकरणात स्पष्ट केलं. ते प्रकरण नाटक-सिनेमाचं होतं, पण सॉफ्टवेअरच्या वादातही तेच तत्त्व पुढे येतं. शिवाय १९९९ च्या दुरुस्तीनं कलम ५२(१) मध्ये आलेल्या उपकलमांपैकी दोन प्रत्येक छोट्या सॉफ्टवेअरवाल्यानं वाचून ठेवावीत. (एबी) सांगतं की स्वतंत्रपणे लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्या प्रोग्रामासोबत चालावा यासाठी आवश्यक माहिती मिळवणं हा भंग नाही. अटी दोन: ती मिळवणाऱ्याकडे प्रोग्राम कायदेशीर असावा, आणि ती माहिती दुसरीकडे सहज मिळत नसावी. (एसी) सांगतं की प्रोग्राम ज्या कामासाठी दिला आहे ते करत असताना त्याचं निरीक्षण आणि चाचणी करून त्यामागच्या कल्पना समजून घेणंही चालतं.

मग एक मोठा तक्ता केला. नोटिशीतला प्रत्येक आरोप एका ओळीत, त्यापुढे ती गोष्ट कुठून आली, आणि त्याचा कागद कोणता. पंधरा दिवसांतला बहुतेक वेळ याच तक्त्यात गेला आणि पुढे मध्यस्थीतही तोच उपयोगी पडला.

मेनूचा क्रम आवक, हर्रास, वजन, पट्टी, चुकारा असा सारखा आहे, हा पहिला आरोप. बाजारात माल याच क्रमानं फिरतो. हर्रास होण्याआधी पट्टी करताच येत नाही. पुरावा म्हणून बाजार समितीच्या उपविधींची प्रत जोडली. हिशेबपट्टीचे रकाने सारखे, हा दुसरा. शेतकऱ्याचं नाव, गाव, माल, वजन, भाव, हमाली, तोलाई: पट्टीवर काय असावं हे समितीच्या नमुन्यातूनच येतं. छापील पट्टीपुस्तकाचं पान आणि आमची प्रिंट शेजारी शेजारी लावली.

वजनकाट्याची जोडणी सारखी, हा तिसरा आरोप तर कोणाच्याच प्रोग्रामाचा नव्हता. काट्याचा इंडिकेटर सिरियल पोर्टातून वजनाचे आकडे सोडत राहतो. बॉड रेट (आकडे सोडण्याचा वेग) किती, सुरुवातीला कोणतं अक्षर, आकडे किती आणि शेवटची खूण कोणती, हे इंडिकेटर बनवणाऱ्याच्या माहितीपुस्तकात छापलेलं असतं. त्या पानाची झेरॉक्स लावली. माहिती अशी उघड मिळत असेल तर (एबी)चा आधार घेऊच नका, कारण ते कलम न मिळणाऱ्या माहितीसाठी आहे.

डेटा फाइलचा मुद्दा जड होता. जुन्या सॉफ्टवेअरचा डेटा डीबीएफ फाइलींत होता. या फाइलीची रचना जगजाहीर आहे: सुरुवातीला ३२ बाइटचा मथळा, मग प्रत्येक रकान्याचं वर्णन, रकान्याचं नाव जास्तीत जास्त दहा अक्षरांचं. खोडलेली नोंद फाइलीतून जात नाही, तिच्यापुढे फक्त तारांकन पडतं. आयात करताना ते तारांकन न पाहता नोंदी ओढल्या तर रद्द केलेल्या पट्ट्या परत जिवंत होतात आणि शेतकऱ्याच्या खात्यावर दोनदा चुकारा दिसतो. काही दुकानांत शेतकऱ्यांची नावं सी-डॅक या सरकारी संस्थेच्या जिस्ट कार्डाच्या (संगणकावर भारतीय लिपी दाखवणाऱ्या कार्डाच्या) काळातली, इस्की संकेतात होती. इस्की हे १९९१ चं भारतीय मानक आहे, म्हणून युनिकोडमध्ये उतरवायचा तक्ता मानकावरूनच केला. त्यांच्या प्रोग्रामाला कुठंही हात लावला नाही. फाइली ग्राहकाच्या, आतला हिशेब ग्राहकाचा, आणि प्रत्येक ग्राहकाचं संमतीपत्र आमच्याकडे होतं.

इथं त्यांच्या परवान्याच्या अटी वाचणं भाग होतं. कॉपीराइटमधून सुटलेला माणूस कराराच्या अटीत अडकू शकतो. एसएएस विरुद्ध वर्ल्ड प्रोग्रामिंग या वादात युरोपच्या न्यायालयानं २०१२ मध्ये सांगितलं की प्रोग्रामाचं कार्य, त्याची भाषा आणि फाइलीची रचना यांवर कॉपीराइट नसतो. तरी पुढे २०१५ मध्ये अमेरिकेत परवान्याचा भंग आणि फसवणूक यांवरून वर्ल्ड प्रोग्रामिंगवर तिप्पट धरून ७ कोटी ९० लाख डॉलरच्या वर रक्कम लादली गेली. आमच्या ग्राहकांच्या परवान्यात प्रोग्राम उलगडून कोड काढायला मनाई होती, स्वतःचा डेटा वाचायला नव्हती. ते पान जसंच्या तसं जोडलं.

राहिला बटणांचा आरोप. दिवाणजी पट्टी करताना स्क्रीनकडे पाहत नाहीत. डाव्या हातात काटापट्टी, उजवा हात कीबोर्डवर: एफ ५, गावाचा नंबर, एंटर, वजन, एंटर, भाव, एंटर, आणि नजर समोर उभ्या शेतकऱ्याकडे. सोयीनं वेगळी बटणं लावलेली आवृत्ती आम्ही सुरुवातीला एका दुकानात दाखवली होती. दिवाणजी म्हणाले होते, "भाऊ, हे नवं शिकाले टाइम कुठं हाये? बाहेर गाड्या उभ्या हायेत." त्या दुकानानं तेव्हा सॉफ्टवेअर घेतलं नाही. बटणं जुनीच ठेवल्यावर घेतलं.

इंटरफेसच्या, म्हणजे वापरणाऱ्यासमोरच्या बटणं-मेनूंच्या, कॉपीराइटचा स्पर्धेशी संबंध इथं येतो. नवा विक्रेता किंमत कमी ठेवू शकतो, सेवा चांगली देऊ शकतो, पण ग्राहकाच्या हाताची सवय त्याला विकत घेता येत नाही. त्या सवयीवर जुन्या कंपनीची मालकी मानली तर ग्राहक तिच्याकडेच अडकतो आणि वार्षिक देखभालीचे पैसे ती सांगेल तेवढे देतो. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या लोटस विरुद्ध बोरलँड खटल्यात अपील न्यायालयातले न्यायाधीश बुडिन यांनी हाच धोका मांडला. क्वर्टी कीबोर्डवर एकाची मक्तेदारी असेल तर त्यावर टायपिंग शिकलेला माणूस त्याचा बंदी होईल, तसंच लोटसचे आदेश शिकलेल्यांचं होईल, असं त्यांचं म्हणणं. मॅडमनी उत्तरात परदेशी खटल्यांना एकच परिच्छेद दिला, आणि त्यात हा मुद्दा होता.

लोटसचा खटला नीट समजून घ्यावा असा आहे. लोटस १-२-३ हे १९८३ मध्ये आलेलं हिशेबपत्रकाचं सॉफ्टवेअर. बोरलँडनं क्वात्रो लिहिताना स्वतःचा मेनू दिलाच, शिवाय लोटसवाल्यांना सवयीचा मेनूही दिला: ४६९ आदेश, पन्नासहून जास्त मेनूंत. कोड घेतला नव्हता. जुलै १९९० मध्ये खटला सुरू झाला. १९९२ मध्ये खालच्या न्यायालयाचा निकाल विरोधात गेला आणि बोरलँडनं तो मेनू काढून टाकला. १९९५ मध्ये अपिलात निकाल उलटला, मेनूची रचना ही काम करण्याची पद्धत ठरली. जानेवारी १९९६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश चार विरुद्ध चार झाले आणि अपिलाचा निकाल कायम राहिला. बोरलँड जिंकलं, पण क्वात्रो प्रो त्यांनी १९९४ मध्येच नॉव्हेलला विकून टाकलं होतं. १९९५ मध्ये लोटस आयबीएमनं घेतलं. आणि तोपर्यंत बाजार एक्सेलकडे गेला होता. एक्सेलनं तर लोटसच्या फाइली नीट चालाव्यात म्हणून त्यातली तारखेची चूकसुद्धा ठेवली. विंडोजवरच्या एक्सेलमध्ये कुठंही ६० लिहून त्याला तारखेचं रूप द्या, २९ फेब्रुवारी १९०० दिसेल. ते वर्ष लीप नव्हतं.

याच्या आधीच पेपरबॅक सॉफ्टवेअर ही कंपनी याच लोटसपुढे हरली. लोटसची किंमत ४९५ डॉलर, पेपरबॅकच्या व्हीपी-प्लॅनरची ९९. १९९० चा तो निकाल आला आणि स्वस्त पर्याय बाजारातून गेला. पुढे अपील न्यायालयानं लोटसचं म्हणणं फेटाळलं, पण पेपरबॅकसाठी फार उशीर झाला होता. आमच्या मते अशा खटल्यांचा स्पर्धेवरचा खरा परिणाम वेळेतून होतो. निकाल लागेपर्यंत ग्राहक थांबतो, आणि थांबणं फक्त मोठ्या कंपनीला परवडतं. सिस्को विरुद्ध अरिस्ता या दोन नेटवर्क-उपकरण कंपन्यांच्या खटल्यात २०१६ मध्ये ज्यूरीनं आदेशांच्या मुद्द्यावर अरिस्ताला सोडलं, तरी पेटंटांसह सगळे वाद मिटवायला २०१८ मध्ये अरिस्तानं ४० कोटी डॉलर दिले. गूगल आणि ओरॅकलचा वाद ऑगस्ट २०१० ते एप्रिल २०२१ चालला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं गूगलच्या बाजूनं निकाल दिला, पण एपीआयवर (एका प्रोग्रामानं दुसऱ्याला हाक मारायच्या ठरीव आदेशांवर) कॉपीराइट असतो की नाही याचं उत्तर दिलंच नाही.

आमच्या बाबतीत हे थांबणं डिसेंबरपासून दिसलं. समोरच्या कंपनीनं आमच्या काही ग्राहकांनाही पत्रं पाठवली, त्यात कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३बी चा उल्लेख करून. त्या कलमात किमान सात दिवसांची कैद आहे, म्हणून घबराट झाली. एका अडत्याचा फोन आला, "भाऊ, मले जेल होते काय?" ६३बी हे जाणूनबुजून चोरीची प्रत वापरणाऱ्यासाठी आहे. आम्ही प्रत्येक ग्राहकाला मराठीत एक पानाचं पत्र दिलं: तुमच्याकडे बिल आहे, परवाना आहे, प्रोग्राम आम्ही स्वतः लिहिला आहे, आणि या वादाची जबाबदारी आमची. पत्राचा मसुदा वकिलाकडून तपासून घ्या. समोरच्या कंपनीबद्दल त्यात एकही विशेषण नको. जुने ग्राहक टिकले. हंगामात नव्यानं घेणार होते त्यांनी मात्र "प्रकरण मिटू द्या" म्हणून पुढच्या वर्षावर ढकललं, आणि ते नुकसान वकिलाच्या फीपेक्षा मोठं होतं.

उत्तर पंधरा दिवसांच्या आत, पोचपावतीसह गेलं. फी १५,००० रुपये. सोर्स कोड द्यायला नकार दिला, मात्र दोन्ही बाजूंना मान्य तटस्थ तज्ज्ञापुढे तुलना करायची तयारी लिहिली. तो नकार आणि ती तयारी एकाच वाक्यात ठेवा. त्यांनी उल्लेखलेली कॉपीराइट नोंदणीही आम्ही ऑनलाइन नोंदवहीत पाहिली. ती साहित्यकृती म्हणून, म्हणजे कोडची होती, स्क्रीनच्या चित्रांची नव्हती. हा मुद्दा एका ओळीत लिहिला आणि पुढे फार महत्त्वाचा ठरला. स्क्रीनवरच्या चित्रखुणा, मदतीचा मजकूर आणि चूक झाल्यावर दिसणाऱ्या सूचना यांवर मात्र हक्क असू शकतो. आमचा मजकूर आम्ही नव्यानं लिहिलेला होता, त्याच्या वह्या तक्त्यासोबत होत्याच.

त्याच आठवड्यात कॅव्हेट (आम्हालाही ऐका असा न्यायालयात आधीच दिलेला अर्ज) दाखल केलं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८ए खाली हे केलं की आपल्याला न ऐकता एकतर्फी मनाई हुकूम सहसा मिळत नाही. हंगामात एकतर्फी स्टे आला असता तर दुकानं बंद पडली असती. कॉपीराइटच्या कलम ६२ प्रमाणे दावा करणारा स्वतःच्या गावी दावा लावू शकतो, म्हणून कॅव्हेट त्यांच्या शहरातही लावावं लागतं. मुदत ९० दिवस, नंतर पुन्हा. दोन्ही वेळचे मिळून ९,००० रुपये.

जानेवारीत आमच्या सॉफ्टवेअरची नोंदणी करायला घेतली. नोंदणी सक्तीची नाही, पण नोंदवहीतली नोंद प्रथमदर्शनी पुरावा धरली जाते. अर्ज नमुना १४ मध्ये, ऑनलाइन, शुल्क ५०० रुपये. २०२१ च्या दुरुस्तीपासून सोर्स कोडची किमान पहिली दहा आणि शेवटची दहा पानं द्यावी लागतात आणि त्यातलं काही झाकता येत नाही. म्हणून आधी त्या पानांतून पासवर्ड, ग्राहकांची नावं, सर्व्हरचे पत्ते काढा. डायरी नंबर लगेच मिळतो, मग हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं आणि त्यापुढे तपासणी.

याच वेळी मालकीचे कागद लागले. काट्याचा भाग एका बाहेरच्या मुलानं लिहून दिला होता. पगारी नोकरानं नोकरीत लिहिलेलं मालकाचं असतं, पण बाहेरच्यानं लिहिलेलं लेखी हस्तांतरणाशिवाय आपलं होत नाही. हस्तांतरणपत्रात मुदत लिहिली नाही तर पाच वर्षं आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत असं कायदा धरतो. आमच्या पत्रात दोन्ही लिहिलेलं होतं. तुमचं आजच काढून पाहा.

मार्चपर्यंत समोरून दावा नाही, माघारही नाही. टांगती तलवार तशीच. मॅडमनी कॉपीराइट कायद्याचं कलम ६० सुचवलं. कोणी आधार नसताना कॉपीराइटच्या दाव्याची धमकी देत असेल तर उलट आपणच न्यायालयात जाऊन भंग झालेला नाही असं जाहीर करून मागू शकतो, धमक्यांना मनाई आणि नुकसानभरपाई मागू शकतो. धमकी देणाऱ्यानं तत्परतेनं खरोखर दावा लावला आणि चालवला तर हे कलम लागू होत नाही. म्हणजे त्याला दावा तरी लावावा लागतो, नाही तर धमकी सोडावी लागते.

३ लाखांवरचा असा वाद वाणिज्यिक न्यायालयात जातो, आणि तातडीचा अंतरिम आदेश मागायचा नसेल तर वाणिज्यिक न्यायालय कायद्याच्या कलम १२ए प्रमाणे आधी मध्यस्थी सक्तीची आहे. आम्ही एप्रिलमध्ये यवतमाळला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज केला. अर्जाचे १,००० रुपये. आमची मागणी ९ लाखांची होती, त्या टप्प्याला मध्यस्थीचं शुल्क १५,००० आणि ते दोघांनी निम्मं निम्मं भरायचं. समोरचा आलाच नाही तर तसा अहवाल मिळतो आणि दाव्याचा रस्ता मोकळा होतो. मुदत तीन महिने, दोघांच्या संमतीनं आणखी दोन. ते आले.

मध्यस्थांपुढे कायद्यावर फार बोलणं झालं नाही. तक्ता ठेवला आणि एकेक ओळ घेत गेलो. उपविधींची प्रत, पट्टीपुस्तकाचं पान, इंडिकेटरचं पान, परवान्याची अट. चौथ्या-पाचव्या ओळीनंतर चर्चा त्यांच्या खऱ्या चिंतेवर आली: आम्ही जाहिरातीत त्यांचं नाव वापरतो आणि लोकांना हे त्यांचंच नवं सॉफ्टवेअर वाटतं. हा प्रश्न ट्रेडमार्कचा होता, त्याला उत्तर देता येण्यासारखं होतं, आणि तिथून गाडी पुढे सरकली.

फॉक्सप्रोचा इतिहासही तिथं मदतीला आला. डीबेस हे डेटाबेस सॉफ्टवेअर विकणाऱ्या अॅश्टन-टेटनं १९८८ मध्ये फॉक्सप्रोवाल्या फॉक्स सॉफ्टवेअरवर खटला भरला होता की डीबेसची भाषा आणि रूप आमचं आहे. १९९१ मध्ये अॅश्टन-टेट बोरलँडनं घेतलं, तेव्हा अमेरिकेच्या न्याय विभागानं स्पर्धेच्या कायद्याखाली अट घातली की डीबेसचे आदेश, मेनू, भाषा आणि फाइलीची रचना यांवर कॉपीराइटचा दावा करायचा नाही. १९९२ मध्ये फॉक्स मायक्रोसॉफ्टकडे गेलं. समोरच्या कंपनीचं पहिलं सॉफ्टवेअर फॉक्सप्रोत, डीबीएफ फाइलींवर उभं होतं, म्हणजे ज्या मोकळिकीवर त्यांचा धंदा वाढला तीच आम्ही मागत होतो. हे मॅडमनी शांतपणे मांडलं. त्यांच्या वकिलांनी त्यावर वाद घातला नाही.

जुलैमध्ये समझोता झाला. फंक्शन बटणं, मेनूचा क्रम, पट्टीचे रकाने आणि डेटा फाइलीची रचना यांवर त्यांचा दावा नाही. आम्ही त्यांचं नाव फक्त "अमुक सॉफ्टवेअरचा डेटा आयात करता येतो" एवढ्यापुरतं वापरू, आणि खाली त्या कंपनीशी संबंध नसल्याची ओळ टाकू. त्यांचा प्रोग्राम उलगडणार नाही. पैसे कोणी कोणाला द्यायचे नाहीत. ज्या ग्राहकांना पत्रं गेली होती त्यांना दोघांच्या सहीचं एक पत्र. कलम १२ए खाली झालेल्या समझोत्याला लवादाच्या निवाड्याचा दर्जा असतो, म्हणून शब्द न् शब्द वाचून सही करा. "सारखं दिसणारं" असा मोघम शब्द त्यांच्या मसुद्यात होता. तो काढून प्रत्येक गोष्टीचं नाव घालून घेतलं.

खर्च असा: सल्ला आणि उत्तर १८,०००, कॅव्हेट ९,०००, मध्यस्थीचा अर्ज आणि आमचा हिस्सा ८,५००, मध्यस्थीतली वकिलाची फी ४०,०००, नोंदणी ५००, स्टॅम्प १,०००. प्रवास सोडून ७७,००० रुपये.

यंदाच्या हंगामाआधी त्यांच्या कंपनीनं या भागात देखभालीचा दर खाली आणला, आणि त्यामुळे काही दुकानं त्यांच्याकडेच राहिली. राहू देत, त्यांना स्वस्त पडलं. आम्हीही आमच्या सॉफ्टवेअरमध्ये "बाहेर काढा" हे बटण दिलं आहे. आवक, पट्ट्या, चुकारे आणि शेतकऱ्यांची खाती युनिकोड मजकुराच्या फाइलींत निघतात, रद्द केलेल्या पट्ट्यांपुढे वेगळी खूण असते आणि रकान्यांची यादी माहितीपुस्तकाच्या शेवटच्या पानावर छापली आहे. ती वाचून दुसऱ्या कोणी आयातीची सोय केली तर आमची परवानगी लागत नाही, हेही त्याच पानावर लिहिलं आहे.